बॅटरीचं वाण

आधीच सांगून ठेवतो, माझ्याइतका डोकेबाज माणूस तुम्हाला अख्ख्या लखनौत सापडायचा नाही. हे मत कुणाचं? माझंच. दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करायची हिंमत मी अजून केलेली नाही. तुम्हीही करू नका, निदान आमच्या कॉलनीत तरी नको. तिथे हल्ली माझं नाव निघालं की लोक खिशातून बॅटरी काढतात आणि तिचा उजेड माझ्या तोंडावर मारतात. भर दुपारी!

हसताय? हसून घ्या. चहा आहे तोवर हसून घ्या. पुढे हसायला किती मिळेल, मला शंकाच आहे.

तर मी वर्ध्याकडचा. शिक्षण सातवी, तीसुद्धा मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढायचा दुसरा उपाय सुचेना म्हणून पास केलेली. रेल्वेत फिटर लागलो आणि इथल्याच मानक नगरच्या क्वार्टरात जन्म काढला. तिथे शेजारी होता वसंता. तोही फिटर, तोही आपल्याकडचाच. खोडी मी काढायची आणि मेमो त्याने घ्यायचा, अशी आमची उभ्या नोकरीची वाटणी होती. एकदा मोठ्या साहेबांच्या छत्रीत मी भिजवलेले हरभरे भरून ठेवले. साहेबांनी पावसात छत्री उघडली आणि समोर उभा कोण? वसंता! बिचारा "साहेब, मी नाही" एवढंसुद्धा म्हणाला नाही. हसत होता ना!

रिटायर झाल्यावर वृंदावन योजनेच्याही पलीकडे एक नवी कॉलनी झाली, तिथे दोघांनी समोरासमोर घरं घेतली. मधे रस्ता, रस्त्याच्या कोपऱ्यावर नाला. नाला म्हणजे चांगला छातीएवढा खोल. त्यावर सिमेंटचे स्लॅब होते. एक दिवस गाळ काढायला माणसं आली. त्यांनी दोन स्लॅब उचलून बाजूला नीट रचले, गाळ काढून त्याच्या शेजारी रचला, आणि गेली. पावसाने गाळ परत नाल्यात गेला. स्लॅब मात्र परत गेले नाहीत. काही दिवसांनी ते कुणाच्या तरी गेटसमोर मोटारीचा उतार होऊन बसले.

तुम्ही म्हणाल, अहो, मग तुम्हीच काहीतरी टाकायचं! टाकलं की. जाड लाकडी फळी टाकली. थंडी पडली, फळी कुणाच्या तरी शेकोटीत गेली. मग बाभळीची फांदी खोचली आणि तिला लाल चिंधी बांधली. फांदी बकरीने खाल्ली, चिंधी उरली. ती नाल्यात.

आणि मग गेल्या जानेवारीत वसंता त्यात गेला.

पहाटे दूध आणायला निघाला होता. मी तेव्हा इथे नव्हतो. पुतणीच्या लग्नाला वर्ध्याला होतो, डोक्यावर फेटा, वरातीत नाचत होतो. बँडच्या आवाजात फोन घेतला आणि "काय? काय? मोठ्याने बोल!" असं ओरडत राहिलो. पलीकडून आमची ही रडत होती आणि मी मोठ्याने बोल म्हणत होतो. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुढे छातीत कफ भरला. दवाखान्यातून वसंता घरी आलाच नाही.

त्याच्या मागे शालूवहिनी एकट्या. मुलगी लांब सासरी. वहिनी बोलणाऱ्यातल्या नव्हेतच, आता तर दिवसदिवस दार लोटलेलं असायचं. दिवाळी उलटल्यावर एकदा मी भाजी द्यायला गेलो, तेव्हा आपण होऊन म्हणाल्या,

"भाऊजी, ह्यांच्या वर्षश्राद्धाला गावाकडची माणसं येतील. ह्याच वाटेने येतील. त्याआधी त्या भोकावर झाकण पडलेलं मला बघायचंय. एवढं करा."

आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने मला काही मागितलं. मी छाती ठोकली. "केलंच समजा, वहिनी!"

हे "केलंच समजा" म्हणणारे लोक असतात ना, त्यांना आधी नाल्यात टाकलं पाहिजे.

समिती केली. समितीत मी, शेजारचे मिश्राजी आणि बँकेतले कुलकर्णी. मिश्राजी हिंदीचे निवृत्त मास्तर. त्यांना पाणी मागितलं तरी ते आधी गंगेचा उगम सांगतात. कुलकर्णी मोबाईलवरचे शूर. ग्रुपवर रोज मूठ वळलेला हात पाठवायचे, प्रत्यक्षात हात कायम शालीच्या आत.

आम्ही एका ऑफिसात गेलो. तिथे म्हणाले, नाला आमचा आहे, झाकण त्यांचं. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, झाकण आमचंच, पण नाला त्यांचा, त्यांच्या नाल्यावर आमचं झाकण कसं ठेवणार? बरं वाटलं ऐकून. माणसं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाहीत, किती संस्कारी शहर!

मग सभा बोलावली. सभेला मी, मिश्राजी, कुलकर्णी आणि एक कुत्रं. कुत्रं मिश्राजींच्या प्रस्तावनेतच उठून गेलं. मी एकेका घरासमोर उभा राहून हाका मारल्या. बाल्कनीतून रजई गुंडाळलेली तोंडं बाहेर आली.

"अंकल जी, आप आगे बढ़िए, हम आपके साथ हैं!"

"तो नीचे आइए ना, भैया."

"अरे, हम यहीं से साथ हैं!"

मग मी आपला जुना धंदा काढला. नाल्याच्या काठावर खुर्ची टाकली, डोक्यावर हॅट, हातात काठी, काठीला दोरी, दोरी नाल्यात. बसलो मासे धरत! म्हटलं, आता बोभाटा होईल. झाला. गर्दी जमली, शाळेच्या व्हॅना थांबल्या, एक वार्ताहर येऊन माझा फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली काय लिहिलं होतं, माहितेय? या वयातही छंद जोपासणारे आजोबा! नाल्याचं नाव नाही. उलट दोघेजण मला विचारायला आले, इथे कोणते मासे लागतात म्हणून.

वहिनींच्या खिडकीची एक झडप तेवढी उघडी होती. त्या दिवशी ती बंद झाली. मला वाटलं, थंडी असेल.

शेवटी आमच्या भागाचे जे नेताजी आहेत, त्यांच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "नेताजी आ जाएँगे. पर अंकल, भीड़ होगी? महिलाएँ होंगी? चार बूढ़ों के लिए नेताजी नहीं आते."

चार! आम्ही तीनच होतो. चौथा मेला म्हणून तर सगळं चाललं होतं.

त्या रात्री, म्हणजे साधारण जेवणाच्या वेळी, माझ्या डोक्यात कल्पना आली. बायका कशाला येतात? सभेला नाही येत. हळदीकुंकवाला येतात! संक्रांत तोंडावर आली होती. इकडचे लोक तिला खिचडी म्हणतात, खिचडी खातात आणि झोपतात. हळदीकुंकू त्यांना ठाऊक नाही. पण फुकट वाण सगळ्या जगाला कळतं. आणि वाण काय द्यायचं, तेही सुचलं. बॅटरी! हातात धरायची छोटी बॅटरी, टॉर्च हो! अंधारात वसंता पडला, म्हणून प्रत्येकीच्या हातात बॅटरी. बघा कसा विचार! मी स्वतःवर इतका खूश झालो की वरण पुन्हा वाढून घेतलं.

आमच्या हिला सांगितलं. ही आधी हसली. मग हातातली पळी खाली ठेवून म्हणाली, "अहो, आणि शालूला?"

"काय शालूला?"

"बोलवायचं ना? तिच्यासाठीच तर चाललंय हे. आजकाल बोलावतात. मी स्वतः लावीन तिला कुंकू."

आता ऐका. मी कोण? ज्याने सत्यनारायणाच्या भटजींच्या शंखात कापूस कोंबला, तो मी. ज्याला कशाची भीड नाही, तो मी. आणि मी काय बोललो?

"अगं, मला काही नाही. पण कुलकर्णीबाई नाक मुरडतील. मिश्राजींची मिश्राइन उठून जाईल. तिच्यामागे चार जणी जातील. गर्दी फुटली तर नेताजी यायचे नाहीत. आधी झाकण तर पडू दे! वहिनींचा तिळगूळ आणि वाण मागाहून घरी नेऊन देऊ."

"घरी," ही म्हणाली.

"घरीच. नीट नेऊन देऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. दूध नासलंय की काय म्हणून पातेल्यात बघतात ना, तसं पाहिलं. पण पुढे काही बोलली नाही. हिने बोलणं थांबवलं की मी जिंकलो असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय.

निशातगंजच्या बाजारातून खोकंभर बॅटऱ्या आणल्या. लाल, निळ्या, पिवळ्या. आणि आवई उठवून दिली, वाण असं आहे की लखनौत कुणी दिलं नसेल! काय आहे? सांगणार नाही! मिश्राइन म्हणाली मिक्सर असेल. कुलकर्णीबाई म्हणाल्या, चांदीचं काहीतरी. पलीकडच्या गल्लीत म्हणे गॅसच्या शेगडीपर्यंत बातमी गेली होती.

त्या दिवशी काय गर्दी! घरासमोर रस्त्यावर मांडव घातला होता. स्वेटर, शाली, मोजे घातलेल्या बायका लोटल्या. काही जणी हळद म्हणजे लग्नातली समजून पिवळ्या साड्या नेसून, ढोलक घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, बसा, वाजवा, आपल्याला गर्दीशी मतलब! मिश्राजींच्या भजनाचा माईक लावला होता. त्याचा आवाज सबंध कॉलनीत जायचा. समोरच्या घरातही जायचा, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात येतंय?

समोरच्या दाराला आतून कडी होती.

नेताजी आले. मागे कॅमेरावाला. तिळगूळ खाल्ला आणि म्हणाले, "हाँ तो मिश्राजी, समस्या क्या है?"

मिश्राजी माईक धरून उभे राहिले. "मानव सभ्यता के आरंभ से ही जल की निकासी..."

नेताजींनी घड्याळ पाहिलं. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्याला टोपण चढवलं. माझा जीव खालीवर. मिश्राजी अजून नदीकाठी झोपड्या बांधत होते, तेवढ्यात मी माईक हिसकावला.

"साहब, मेरा यार मरा है इधर!"

ढोलक थांबलं. बॅटऱ्यांचे रंग निवडणाऱ्या बायकाही थांबल्या.

"कैसे हुआ?" नेताजींनी विचारलं. खरोखर विचारलं, हां. त्या क्षणी माणूस ऐकत होता.

कसं झालं? मला काय माहीत! मी वर्ध्याला नाचत होतो. वसंताला नाल्यातून काढलं ते वहिनींनी आणि दूधवाल्याने. त्या पहाटेचं मी वहिनींना कधी विचारलंच नव्हतं. कसं विचारायचं, म्हणून नव्हतं. पण हातात माईक असलेला माणूस "मला माहीत नाही" म्हणतो का कधी? तुम्ही पाहिलाय?

"घुप अँधेरा था, साहब!" मी सुरू केलं. "हाथ को हाथ नहीं दिखता था! बेचारे के हाथ में एक टॉर्च होती ना, बस एक टॉर्च, तो आज मेरा वसंता इधर बैठके तिलगुड खाता!"

मिश्राइनने पदर डोळ्यांना लावला. कुलकर्णींनी चक्क शालीतून हात बाहेर काढला. मलाच रडू फुटलं. ते खोटं नव्हतं. त्याच्या खुर्चीची जागा मांडवात रिकामी दिसत होती मला.

नेताजी उठले. ताटातली एक बॅटरी उचलली. उंच धरली.

"बहनो, अंकल जी ने हमारी आँखें खोल दीं. समस्या अँधेरे की है. और अँधेरे का इलाज आज यहाँ हर बहन के हाथ में है!"

आणि पेटवली. सगळ्या बायकांनी आपापली पेटवली. टाळ्यांचा कडकडाट! सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. पहिली टाळी माझी होती.

मग नेताजींनी उरलेल्या बॅटऱ्या स्वतःच्या हाताने वाटल्या. ज्यांना आधीच मिळाल्या होत्या त्यांच्याकडून परत घेऊनही वाटल्या, कारण फोटोत सारखं काहीतरी हलतंय असं कॅमेरावाला म्हणत होता. गाडीत बसताना मी त्यांच्या माणसाला धरलं.

"भैया, वो नाले का ढक्कन?"

"अरे अंकल, अब टॉर्च तो है ना!"

गेले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. नेताजी हात जोडून, एवढे मोठे. खाली ‘टॉर्च वितरण समारोह’. माझा अर्धा कान एका कोपऱ्यात आलाय. आणि फ्लेक्सचा बांबू रोवायला खड्डा हवा होता ना? तो त्यांना आयताच मिळाला. उघड्या नाल्यात उभा केलाय.

आता नुसतं झाकण टाकायचं म्हटलं तरी आधी नेताजींचा फ्लेक्स काढावा लागणार. आणि तो काढणार कोण? मिश्राजी म्हणाले, आप आगे बढ़िए, हम साथ हैं. घरातूनच म्हणाले.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं.

आमच्या हिने तिळगुळाचा डबा माझ्या हातात दिला. वर एक पिवळी बॅटरी ठेवली. "जा. घरी नेऊन देणार होता ना नीट," म्हणाली. सोबत चल म्हटलं, तर तिला अचानक खूप काम निघालं.

त्याच दिवशीची दुपार होती, पण कोहरा, म्हणजे इकडचं दाट धुकं, विरलाच नव्हता. समोरचं घर, दहा पावलांवरचं, पांढऱ्यात बुडालेलं. मी त्या बांबूला वळसा घालून गेलो. हातातली बॅटरी सहज लावून पाहिली. उजेड पुढे जाईचना. पांढऱ्या भिंतीवर मारल्यासारखा नाकासमोरच थांबला. नाल्याची कड मला पायाला लागली तेव्हा कळली. मी जागच्या जागी थबकलो.

वहिनींनी दार उघडलं. खुंटीला वसंताचा मफलर तसाच होता.

"या, भाऊजी."

मी बसलो. मग अशा वेळी मला जे येतं तेच केलं, वटवट. "वहिनी, काल काय मजा झाली म्हणून सांगू! मिश्राजी तर पार आदिमानवापर्यंत गेले! आणि हे बघा, तुमच्या वाटची पिवळी मुद्दाम राखून ठेवली होती. सगळ्यात चांगली. कुलकर्णीबाईंचा डोळा होता हिच्यावर."

वहिनींनी डबा घेतला, बाजूला ठेवला. बॅटरी हातात घेतली. एकदा लावली, विझवली.

"माईकवरचं सगळं ऐकू आलं मला," म्हणाल्या.

"हो का? जरा मोठाच होता आवाज." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे वहिनी, माणसं अशी रडत होती ना! नेताजींच्या मनावर परिणाम झालाय. आता बघा, झाकण..."

त्या उठल्या. कोनाड्यातून काहीतरी काढलं आणि पिवळ्या बॅटरीशेजारी माझ्यासमोर ठेवलं. स्टीलची जुनी बॅटरी. नोकरीतली, मलाही तशीच मिळाली होती, मी हरवली, त्याने जपली. काचेला तडा गेला होता. खाचेत काळा गाळ वाळून बसला होता.

"ही तर वसंताची," मी म्हणालो.

"त्यांचीच. त्यांच्या हातात होती, भाऊजी. नाल्यातून काढली तेव्हासुद्धा पेटलेलीच होती. काल बोलावलं असतंत तर मीच सांगितलं असतं. मला कुंकू नको होतं. माईक हवा होता."